अंगणातली भूमिती

(शिरूर व दौंड तालुक्यांतील अंगणवाडी सेविका, बालवर्गांच्या शिक्षिका आणि पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



‘लहान मुलांची भूमिती’ हा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. भूमिती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आठवी-नववीचा वर्ग उभा राहतो. कर्कटक, कोनमापक, पक्ष, साध्य, सिद्धता! हे शब्द ऐकून आजही काहींच्या पोटात गोळा येत असेल. त्या भूमितीचा चार वर्षांच्या बालकाशी संबंध काय? मी गणिताचा शिक्षक नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे आणि व्यवसायाने पत्रकार. परंतु वृत्तपत्राच्या कामानिमित्त गावोगावचे बालवर्ग पाहण्याची संधी मिळते. तेथे जे दिसले, त्यातूनच हा विषय मी आयोजकांकडे मागून घेतला.

एका बालवर्गात भिंतीवर आकारांचा सुंदर तक्ता होता. बाईंनी छडी ठेवली की मुले एका सुरात ओरडत, ‘ट्रँगल’, ‘स्क्वेअर’, ‘सर्कल’. एकही उत्तर चुकले नाही. पालक कौतुकाने पाहत होते. मी बाईंना विनंती केली, ‘पुठ्ठ्याचा त्रिकोण हातात घ्या आणि टोक खाली येईल असा धरा.’ वर्ग एकदम शांत झाला. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, ‘आता तो ट्रँगल नाही, तो पडला.’ मग चौरस थोडा तिरपा धरला. मुले आनंदाने ओरडली, ‘शंकरपाळी!’ एक लांबट, निमुळता त्रिकोण दाखवला, तर तो त्यांच्या मते बाभळीचा काटा होता.

मुलांचे काहीच चुकत नव्हते. त्यांना जे दाखवले होते, ते त्यांनी चोख लक्षात ठेवले होते. तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी तिन्ही बाजूंनी सारखा आणि पायावर बसलेला असतो. म्हणून मुलाच्या लेखी त्रिकोण म्हणजे ते एक विशिष्ट चित्र. त्याला तीन बाजू आहेत, तीन कोपरे आहेत, आणि तो कसाही फिरवला तरी त्या बाजू व ते कोपरे त्याला सोडून जात नाहीत, हे त्याच्या बोटांना कधी कळलेलेच नसते. नाव शिकवले म्हणजे वस्तू शिकवली, हा आपल्या शिक्षणातला फार जुना भ्रम आहे आणि त्याची सुरुवात आपण वयाच्या चौथ्या वर्षीच करून देतो.

हॉलंडमध्ये पियरे व्हॅन हील आणि त्यांच्या पत्नी डिना या शिक्षक दांपत्याने १९५७ साली याच प्रश्नावर संशोधन सादर केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, भूमितीच्या आकलनाला पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर मूल आकृतीकडे एकसंध चित्र म्हणून पाहते. दुसऱ्या पायरीवर त्याला आकृतीचे गुणधर्म दिसू लागतात. त्या गुणधर्मांचे परस्परांशी नाते पुढच्या पायरीवर कळते. सिद्धता त्याच्याही पुढची. मला यातील महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा पुढचा निष्कर्ष: या पायऱ्या मूल केवळ वयाने चढत नाही. अनुभवाने आणि शिकवण्याने चढते. म्हणजे चार वर्षांच्या वयात ज्याला हाताळायला काहीच मिळाले नाही, तो चौदाव्या वर्षीही पहिल्याच पायरीवर उभा असू शकतो. नववीत प्रमेय पाठ करणारे किती विद्यार्थी तिथेच उभे असतात, हे येथे बसलेल्या माध्यमिक शिक्षकांना मी सांगायला नको.

यालाच मी अवकाशबोध म्हणतो. मी कुठे आहे, वस्तू कुठे आहे, ती फिरवली तर कशी दिसेल, कापली तर आत कोणता आकार निघेल, गेलो त्या वाटेने परत कसे यायचे, ही सगळी जाण त्यात आली. गवंडी, सुतार आणि शिंपी यांचे पोटच या जाणिवेवर चालते. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभ्या असलेल्या तरुणाला कागदावरचा सपाट आराखडा पाहून तयार होणारा भरीव भाग मनात उभा करता आला पाहिजे. ज्याला ते जमते तो कारागीर होतो; ज्याला जमत नाही तो मदतनीसच राहतो. कारखाने आपल्या तालुक्यांत आले, पण त्यांतील चांगल्या जागा आपल्या मुलांना का मिळत नाहीत, असा प्रश्न आपण सभांमधून विचारतो. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर बालवर्गातही शोधावे लागेल.

घनाकडून बिंदूकडे

बालवाडीची कल्पना ज्यांच्यापासून सुरू झाली ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी आपली बालसंस्था काढली. त्याआधी ते बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात स्फटिकांवर काम करीत होते. स्फटिकांचे नियमबद्ध आकार पाहून घडलेला हा मनुष्य मुलांसाठी खेळणी तयार करायला बसला, तेव्हा त्याने आधी लोकरीचा चेंडू दिला, मग लाकडी गोल, दंडगोल आणि घन. त्यानंतर सपाट चकत्या, मग काड्या, आणि सर्वांत शेवटी बिया व दाणे. अर्थात भरीव वस्तूकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे, रेषेकडून बिंदूकडे. आपले क्रमिक पुस्तक नेमके उलटे चालते. ते आधी बिंदू सांगते, ज्याला लांबी नाही, रुंदी नाही. बालकाने असा बिंदू कधी पाहिलेला नसतो. त्याने चेंडू पाहिलेला असतो.

पुढे मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले आणि हाताने चाचपून आकार ओळखण्याची साधने तयार केली. ती साधने उत्तम होती, पण महागही होती. भारतात ती आली ती शहरातल्या सुखवस्तू घरांपुरती. ही कोंडी फोडली ती ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचे नाव आपण घेतो, पण त्यांनी नेमके काय केले हे फार थोड्यांना ठाऊक असते. राजकोटची प्रतिष्ठेची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पण त्यांच्या कार्याचा खरा कस लागला तो १९४५ नंतर, बोर्डीला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तेथील वनवासी आणि हरिजन वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर गेलेला शब्द त्या अंगणातला. शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी.

त्या अंगणात इटालियन लाकडी ठोकळे नव्हते. ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, गारगोट्या, पाने आणि काड्या हीच साधने केली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. जिथे गुरे चरतात तिथेच शाळा. तत्त्व तेच राहिले आणि साहित्य मातीतले झाले. परदेशातली चांगली गोष्ट कशी घ्यावी आणि कशी आपली करावी, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला आपल्या शिक्षणक्षेत्रात दिसत नाही. स्वदेशी म्हणजे दारे लावून घेणे नव्हे, हे या दोन स्त्रियांनी कोणतेही भाषण न करता दाखवून दिले.

आपल्या दारातले साहित्य

आता आपल्या घरात आणि शिवारात या. रांगोळी घ्या. सात ठिपक्यांच्या सात ओळी एकाखाली एक सरळ मांडल्या, तर ४९ ठिपक्यांचा चौरस होतो. पण तेच सात ठिपके मधल्या ओळीत घेतले आणि वरच्या व खालच्या ओळी दोन ठिपक्यांच्या मधोमध धरत सहा, पाच, चार अशा उतरवल्या, तर काय होते? षट्कोन होतो, आणि त्यात ३७ ठिपके बसतात. चौरसात प्रत्येक ठिपक्याला चार जवळचे शेजारी असतात, षट्कोनात सहा. पहिल्या मांडणीतून चौकटी निघतात, दुसरीतून कमळे आणि चांदण्या. आपली आजी हे सकाळी सडा घातल्यावर पाच मिनिटांत करीत असे. तिला कोणी गणिती म्हटले नाही. तिने नातीला हाताशी बसवून ठिपके मोजायला लावले की नातीची भूमिती सुरू होई. आता अंगणात फरशी आली, दारात चिकटवायची रांगोळी आली. चिकटवलेल्या रांगोळीत ठिपका नसतो, हे माझे तिच्याशी मुख्य भांडण आहे.

स्वयंपाकघरात कणकेचा गोळा लाटला की चेंडूची चकती होते. घडीच्या पोळीसाठी ती चकती एकदा दुमडली तर अर्धवर्तुळ, पुन्हा दुमडली तर पाव. भेंडी आडवी कापली की पाच कोपऱ्यांची चांदणी दिसते. गाजर आडवे कापले तर वर्तुळ, तिरपे कापले तर लांबट गोल. शाईत बुडवून त्यांचे ठसे कागदावर उमटवून घ्या. ‘कापण्याआधी सांग, आत काय दिसेल?’ हा एकच प्रश्न मुलाला विचारत चला. उत्तर चुकले तरी चालेल. त्या क्षणी मूल आपल्या मनात गाजर कापून पाहत असते आणि आपल्याला तेच हवे आहे.

खेळांचेही तसेच. आट्यापाट्यांचे मैदान म्हणजे पायाने खेळायची चौकट. नवकंकरी म्हणजे एकात एक तीन चौरस आणि चोवीस सोंगट्यांच्या जागा. जुन्या देवळांच्या ओट्यांवर कोरलेले हे पट आजही दिसतात. बालशाखेत ‘दक्षिणवृत्, वामवृत्, अर्धवृत्’ अशा आज्ञा होतात, तेव्हा सहा वर्षांचा स्वयंसेवक स्वतःच्या शरीराने काटकोन करीत असतो. दोन काटकोन मिळून पाठ फिरते आणि चार झाले की तो पुन्हा जिथल्या तिथे येतो. ‘मंडल’ म्हटल्यावर सर्वांचे मध्यापासूनचे अंतर सारखे झाले पाहिजे, ही त्याची वर्तुळाची पहिली व्याख्या. शाखा चालवणाऱ्यांनी याकडे कवायत म्हणूनच पाहिले असेल. बालवर्गाच्या ताईंनी ते जरूर उचलावे.

शिवारात तर सारेच मोजून केलेले असते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौरस, असे चाळीस मिळून एकर. दोरी घेऊन शाळेच्या पटांगणात एक गुंठा आखा आणि दुसरी-तिसरीच्या मुलांना त्यात उभे करा. ‘आमचे दोन एकर आहे’ या वाक्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी प्रथम कळेल. घराचा पाया आखणारा गवंडी दोरीवर तीन, चार आणि पाच अशी मापे धरून कोपरा काटकोनात आणतो. गुण्या आणि ओळंबा ही त्याची हत्यारे वर्गात एक दिवस मागवून घ्या. त्यालाच बोलावलेत तर उत्तम. बालवर्गात पाहुणा म्हणून गवंडी आला, तर मुलांना भूमितीबरोबर श्रमाच्या प्रतिष्ठेचाही संस्कार मिळेल.

आणि भाषा! अवकाशाचे ज्ञान शब्दांतून पक्के होते. आत, बाहेर, मधोमध, अलीकडे, पलीकडे, लगत, आडवे, उभे, तिरपे, काठाकाठाने, समोरासमोर. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ या दोन शब्दांत बोलणारा कुठे उभा आहे हे आपोआप सामावलेले आहे. आपल्या खेड्यांत आजही ‘उगवतीचे शेत’, ‘मावळतीचा बांध’, ‘वरच्या अंगाला’ असे बोलतात. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषा बोलणारे लोक डावे-उजवे न म्हणता दिशांवरूनच सगळे सांगतात आणि म्हणून त्यांना दिशांचे भान सतत असते, असे भाषाशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. आपल्याकडे ही देणगी आजोबांच्या तोंडी आहे. मात्र तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी माध्यमात घातल्यावर त्याच्या हाती ‘अप’ आणि ‘डाऊन’ राहते, आणि तेही तोंडपाठ. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. पण ज्या वयात जागेची जाण शब्दांशी जोडली जाते, त्या वयात शब्द आईचे हवेत.

दोरी आणि शंकू

आपल्या पूर्वजांच्या भूमितीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखण्यासाठी बौधायन, आपस्तंब, मानव, कात्यायन यांनी शुल्बसूत्रे रचली. चौकोनी आहवनीय, गोल गार्हपत्य आणि अर्धवर्तुळाकार दक्षिणाग्नी यांचे क्षेत्रफळ सारखे आले पाहिजे, अशी अट होती. श्येनचितीचे, म्हणजे ससाण्याच्या आकाराच्या वेदीचे, पाच थर आणि प्रत्येक थरात दोनशे विटा. आयताच्या कर्णावरील चौरस हा दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाने स्पष्ट सांगितले आणि तीन व चार, बारा व पाच, पंधरा व आठ अशा जोड्याही दिल्या. आमचा गवंडी ज्या दोरीने कोपरा धरतो, तिची ही वंशावळ.

येथे थोडे परखड बोलतो. ‘पायथागोरसच्या आधी बौधायन’ हे वाक्य आता आपल्या समारंभांतून वारंवार ऐकू येते. ते खोटे नाही. तशा संख्या बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही सापडल्या आहेत, हेही खरे. परंतु हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले तर भिंतीवरच्या ‘ट्रँगल’मध्ये आणि त्यात फरक काय राहिला? बौधायनाच्या हातात दोरी होती. मुलाच्या हातात आपण दोरी दिली, तर परंपरा त्याच्यापर्यंत पोहोचली. नुसते नाव दिले, तर एक प्रश्नोत्तर वाढले.

कात्यायनाने पूर्व-पश्चिम काढण्याची जी रीत दिली आहे, ती कोणत्याही अंगणवाडीत करता येते. सपाट जागेवर एक काठी उभी रोवायची. दोरीला दगड बांधून ती सरळ उभी आहे ना ते पाहायचे. काठीच्या बुंध्याशी दोरी धरून भोवती वर्तुळ काढायचे. ते दुपारच्या आखूड सावलीपेक्षा मोठे हवे. सकाळी सावलीचे टोक आक्रसत येऊन वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खडा ठेवायचा. दुपारनंतर सावली वाढत जाऊन पुन्हा जिथे टेकेल तिथे दुसरा. दोन्ही खडे जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. आज सकाळी येथील पटांगणात अशी काठी रोवली आहे आणि पहिला खडा ठेवलेला आहे. दुसरा चहापानानंतर आपण सर्वांनी मिळून ठेवायचा आहे. लहानांनी फक्त सावलीच्या टोकाशी खडे मांडावेत. रेषेचे सात-आठ वर्षांच्यांना सांगावे. आणि मे महिन्याच्या मध्याला आपल्या भागात भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते, तो दिवस सुट्टीत येतो खरा, पण घरी तो चुकवू नये. जुलैअखेरीस असा दिवस पुन्हा येतो, मात्र तेव्हा ढग परवानगी देतील तर!

धोरणाच्या पातळीवर आज वातावरण अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. २०२२ मध्ये त्याचा आराखडा आला, त्यात पंचकोशांचा विचार आहे आणि आकार व वस्तूंची परस्परस्थिती यांचाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी आली. विद्या भारतीच्या शिशुवाटिका तर खेळ, क्रिया आणि अनुभव यांवर पूर्वीपासून भर देत आल्या आहेत. पण साहित्याची पेटी कुलपात ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. ‘एखादा तुकडा हरवला तर भरून कोण देणार?’ असे त्या ताई म्हणाल्या. त्यांना हसू नका. ज्या व्यवस्थेत तुटलेल्या ठोकळ्याचा हिशेब मागतात आणि मुलाच्या समजुतीचा मागत नाहीत, तिथे पेटीला कुलूपच लागणार.

पालकांनाही दोन शब्द. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत रोज चार पाने भरलेली दिसली नाहीत, तर ‘शाळेत काही शिकवत नाहीत’ अशी तक्रार आपणच करतो. मग शाळा पाने भरून घेते. मूल मातीत हात घालून आले, तर त्या दिवशी त्याने काय केले याचा पुरावा वहीत मिळत नाही, कपड्यांवर मिळतो. मोबाइलच्या पडद्यावर आकार बोटाने फिरवता येतात हे मान्य, पण त्यांची धार लागत नाही आणि कोपरा टोचत नाही. वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी आपली जमीन देऊन जिल्हा परिषदेची शाळा उभी केली, ती याच शिरूर तालुक्यात. आपले लोक शाळेसाठी काय करू शकतात हे देशाने पाहिले आहे. येथे तर जमीनही मागायची नाही. रोज अर्धा तास, मोकळे अंगण आणि कपडे मळण्याची परवानगी एवढेच मागणे आहे.

इनामगाव ते कोपी

आता जे सांगतो ते आपल्या मातीतले आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले आणि सुमारे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. बंधारा आणि पाण्याचा कालवा मिळाला. मडक्यांवर काळ्या रंगात ओढलेल्या रेघा, जाळ्या आणि त्रिकोण पाहिले की रांगोळीची आठवण होते.

त्यातील घरांची कथा विशेष आहे. सुरुवातीच्या काळातली घरे मोठी आणि चौकोनी. शेवटच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व १००० नंतर, बहुतेक घरे लहान आणि गोल झाली. पाऊस घटला, शेती खालावली, समृद्धी ओसरली, असे कारण पुरातत्त्वज्ञांनी दिले. या गोल झोपड्यांचा अर्थ लावताना ढवळीकरांनी त्याच परिसरातल्या फासेपारधी कुटुंबांच्या झोपड्यांशी त्यांची तुलना केली. तीन हजार वर्षांपूर्वीचे घर समजून घ्यायला आज पालात राहणारा माणूस गुरू म्हणून उपयोगी पडला.

गरिबाने गोल घर का बांधावे? यात भूमिती आहे. चव्वेचाळीस बोटे लांबीची सुतळी घ्या आणि टोके बांधा. तिचा चौरस केला तर बाजू अकरा आणि आतील जागा १२१ चौरस बोटे. तीच सुतळी वर्तुळात मांडली तर आतील जागा १५४. भिंत तेवढीच आणि जागा पावपटीहून अधिक! लहान मुलांना हे आकडे सांगायचे नाहीत. त्यांना चिंचोके द्या. सुतळीच्या चौरसात किती चिंचोके मावतात, गोलात किती मावतात, ते मांडून मोजू द्या.

दसरा झाला. पंधरा-वीस दिवसांत गाळप हंगाम सुरू होईल आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबे दौंड तालुक्यात कारखान्यांच्या आवारात उतरतील. बांबू रोवून, वर टोकाला आवळून, भोवती चटई वा पाचट लावून एका दिवसात कोप्या उभ्या राहतील. त्या कामात सहा-सात वर्षांची मुलेही हात लावत असतात. त्यांतली काही आपल्या अंगणवाडीत, शाळेत येतील. येत नसतील तर ती आणली पाहिजेत. आजवर अनेक ठिकाणी असे घडत आले आहे की, अशा मुलापुढे आकारांचा तक्ता धरतात, त्याला ‘आयत’ शब्द येत नाही, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ असा शेरा पडतो. ज्याने कालच वडिलांबरोबर घर उभे केले, त्याला आकार कळत नाहीत असा शेरा! समरसता हा शब्द आपण व्यासपीठावरून अनेकदा उच्चारतो. येथे तिची परीक्षा आहे.

यंदा एवढे करा. ते मूल आले की तक्ता काढू नका. बांबूच्या डझनभर कामट्या, सुतळीचा तुकडा आणि थोडे पाचट त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, ‘तुझी कोपी करून दाखव.’ वर्गातल्या मुलांना त्याच्याभोवती मंडल करून बसवा. खाली काठ्या किती अंतरावर रोवल्या, वर गाठ कुठे मारली, दार कोणत्या दिशेला ठेवले आणि का, हे त्याला विचारा. तो त्याच्या बोलीत सांगेल. मध्येच त्याचे शब्द सुधारू नका. मग बाकीच्या मुलांना तशीच एक बांधायला सांगा, आणि ती पडू लागली की त्यालाच मदतीला बोलवा.

चव्वेचाळीस बोटांवर गाठ मारलेल्या सुतळ्या आणि चिंचोक्यांच्या पिशव्या बाहेर मेजावर ठेवल्या आहेत. प्रत्येक अंगणवाडीसाठी दोन, याप्रमाणे त्या नाव नोंदवून घेऊन जाव्यात. तुटल्या तर हिशेब द्यायचा नाही.